निगेटिव्ह आयन पकडायचा म्हणजे आधी पाण्याशी भांडायचं

आमची आत्या गेली दोन वर्षं डायलिसिसवर आहे आणि तिच्या गोळ्यांच्या डब्यात एक मोठी पांढरी गोळी असते, सेव्हेलामर नावाची. जेवताना घ्यायची, चावायची नाही, कुटायची नाही, अख्खी गिळायची. परवा मला म्हणाली, "अगं तू केमिस्ट्री शिकलीस ना, मग सांग बघू, मेडिकलवाला म्हणतो ही गोळी रक्तात जातच नाही, पोटातून तशीच बाहेर पडते. मग मी एवढे पैसे कशाचे मोजते?"

प्रश्न रास्त होता. त्यातली एक गोळी खाली पडून फुटली होती, तिचा तुकडा मी वाटीभर पाण्यात टाकला. थोड्या वेळाने बघितलं तर विरघळला नव्हता, भिजवलेल्या सब्जासारखा फुगून बुळबुळीत झाला होता. म्हटलं हे बघ, ही गोळी म्हणजे एक जाळं आहे, लांबच लांब साखळ्या एकमेकींना बांधून विणलेलं, आणि त्या साखळ्यांवर जागोजागी नायट्रोजनचे गट आहेत, अमाइन म्हणतात त्यांना. आतड्यात गेलं की हे अमाइन हायड्रोजन आयन उचलतात (आयन म्हणजे चार्ज असलेला अणू किंवा अणूंचा गट) आणि पॉझिटिव्ह होतात. जेवणातून येणारं फॉस्फेट निगेटिव्ह. ते या जाळ्यात अडकतं आणि जाळ्याबरोबर बाहेर जातं. किडनी चालत नाही त्यामुळे फॉस्फेट लघवीवाटे जात नाही, रक्तात साठतं, मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसायला लागतं. म्हणून ते रक्तात शिरायच्या आधीच पोटात गाठायचं. गोळी रक्तात जात नाही हाच तिचा गुण.

आत्याचं समाधान झालं, माझं मात्र झालं नाही, कारण खरं सांगायचं तर ही गोळी म्हणजे या विषयातला अगदी धसमुसळा नमुना. ती फॉस्फेट धरते तसं पित्तातली आम्लंही धरते, ती पण निगेटिव्हच असतात ना, आणि त्यामुळे कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. म्हणजे निवड अशी फारशी नाही, दिसेल त्याला धर. आणि म्हणूनच ती मिलिग्रॅमच्या चिमटीत भागत नाही, 800 मिलिग्रॅमच्या गोळ्या दर जेवणाला घ्याव्या लागतात. खरी मजा (आणि खरी डोकेदुखी) पुढे आहे. असा रेणू बनवायचा जो दहा निगेटिव्ह आयनांच्या गर्दीतून बरोबर एकालाच उचलेल, क्लोराइडला घेईल आणि नायट्रेटला सोडेल, किंवा फ्लोराइडला घेईल आणि क्लोराइडला हात लावणार नाही. जगात काही लोक गेली पन्नासेक वर्षं हेच करत बसलेत आणि मीपण त्यातले सहा महिने केलंय, एमएस्सीच्या प्रोजेक्टला.

पॉझिटिव्ह आयन पकडायची युक्ती आधी सापडली. 1967 मध्ये ड्युपाँट कंपनीतल्या चार्ल्स पेडरसनने क्राउन ईथर जगासमोर आणले, म्हणजे ऑक्सिजनच्या बांगड्या, मधल्या भोकात सोडियम किंवा पोटॅशियम जाऊन बसतो. त्याला पुढे 1987 चं नोबेल मिळालं, डोनाल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन यांच्याबरोबर. आता गंमत अशी की पुढच्याच वर्षी, 1968 ला, त्याच कंपनीतल्या पार्क आणि सिमन्स या दोघांनी निगेटिव्ह आयन पकडणारा रेणू पण दाखवला. दोन टोकांना दोन नायट्रोजन, मधे कार्बनच्या तीन साखळ्या, पिंजराच म्हणा ना, आणि आम्लात टाकला की दोन्ही नायट्रोजन आतल्या बाजूला तोंड करून क्लोराइडला आत घेतात. ग्रीक भाषेत गिळणे या अर्थाचा शब्द आहे त्यावरून त्यांनी त्याला कॅटापिनँड असं नाव दिलं. एकाच छपराखाली वर्षभराच्या अंतराने दोन्ही गोष्टी झाल्या, पण क्राउन ईथरच्या मागे अख्खं जग लागलं आणि हा गिळणारा पिंजरा बराच काळ तसाच कोपऱ्यात पडून राहिला.

का? तर निगेटिव्ह आयन हे गिऱ्हाईकच अवघड.

पहिलं म्हणजे साइझ. सोडियम आयनची त्रिज्या साधारण 102 पिकोमीटर, पोटॅशियमची 138. निगेटिव्हवाल्यांत फ्लोराइड अगदी छोटा, तरी तो 133, म्हणजे जवळपास पोटॅशियमएवढा. क्लोराइड 181, आयोडाइड 220. आयन जितका मोठा तितका तोच एक चार्ज जास्त पसरतो आणि पकड सैल पडते. दुसरं म्हणजे आकार. सोडियम, पोटॅशियम हे सगळे गोळे, बांगडीत बसवून टाका. इथे क्लोराइड गोळा आहे, पण नायट्रेट चपटा त्रिकोण, थायोसायनेट काडीसारखा, सल्फेट आणि फॉस्फेट चार टोकांचे, दुधाचं जुनं तिकोनी पाकीट आठवतं का, तसे. प्रत्येकाला वेगळं माप घेऊन कपडे शिवावे लागतात. तिसरं, यातले काही जण रूप बदलतात. फॉस्फेटवर कधी दोन हायड्रोजन असतात कधी एक, आणि हा बदल नेमका आपल्या रक्ताच्या पीएचच्या आसपासच होतो, त्यामुळे एकाच थेंबात त्याची दोन रूपं शेजारी शेजारी फिरत असतात. तुम्ही एकासाठी साचा बनवला तर दुसरा तुमच्याकडे बघणारही नाही.

पण हे सगळं परवडलं. खरा शत्रू पाणी.

शाळेत आपल्याला शिकवतात की पॉझिटिव्हला निगेटिव्ह खेचतं, आणि मग आपल्याला वाटतं की पॉझिटिव्ह चार्ज लावलेला कुठलाही रेणू सोडला की निगेटिव्ह आयन लोहचुंबकाला खिळा चिकटावा तसा येऊन चिकटेल. पण आयन पाण्यात एकटा नसतोच. मिठाच्या पाण्यातल्या प्रत्येक क्लोराइडभोवती पाण्याचे सहाएक रेणू आपापले हायड्रोजन आत वळवून कोंडाळं करून उभे असतात. तुमचा रेणू म्हणजे स्थळ घेऊन आलेला मुलगा आणि पाणी म्हणजे क्लोराइडचं माहेर, ते पण चांगलं खाऊनपिऊन सुखी माहेर, तिथून मुलगी उठून का येईल? आकड्यात सांगायचं तर क्लोराइडला पाण्यातून पूर्ण सोडवायला मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं माप) साधारण 340 किलोज्यूल लागतात. आयोडाइडला 275, फ्लोराइडला 465. सल्फेटवर चार्ज दोन, त्याला हजाराच्याही वर. आणि तुलना करायचीच तर फ्लोराइडएवढ्याच मापाच्या पोटॅशियमला 295 च्या आसपास पुरतात. म्हणजे साइझ तीच, पण निगेटिव्हवाला पाण्याला कितीतरी जास्त धरून बसलेला, कारण पाण्याचा हायड्रोजन छोटासा असल्यामुळे त्याच्या अगदी अंगाला भिडतो.

त्यामुळे पाण्यात निगेटिव्ह आयन पकडणाऱ्या रेणूचं काम आकर्षणाचं कमी आणि बोलीचं जास्त असतं. पाणी जेवढं देतंय त्यापेक्षा थोडं तरी जास्त द्यायचं. आयोडाइड, परक्लोरेट असले मोठे, सैल आयन पाणी सहज सोडतात, त्यामुळे तुम्ही काही अक्कल न लावता पकडायला गेलात तर नेहमी हेच आधी हाताला लागतात. फ्रान्झ हॉफमाइस्टरने प्रागमध्ये 1888 साली वेगवेगळ्या क्षारांनी अंड्यातला पांढरा प्रथिनाचा भाग कसा साका होऊन खाली बसतो ते बघून या आयनांची जी रांग लावली, ती आजही या क्षेत्रातल्या लोकांच्या उरावर बसलेली आहे. कुठलाही नवा रेणू बनवा, परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात की बाबा, तुझा रेणू ही रांग मोडतो का, का नुसता रांगेत उभा आहे.

आता मी ज्याच्यावर काम केलं तो रेणू. कॅलिक्स-पायरोल. याची जन्मकथा मला फार आवडते. 1886 मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन केमिस्टने पायरोल आणि ॲसिटोन आम्लात एकत्र केले आणि त्याला पांढरे स्फटिक मिळाले. बास. पुढे 1905 ला त्याला नोबेल मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी, हे स्फटिक बाजूलाच राहिले. आणि मग तब्बल 110 वर्षांनी, 1996 मध्ये, टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये जोनाथन सेसलरच्या ग्रुपला कळलं की हा पदार्थ फ्लोराइड आणि क्लोराइड धरतो. एवढी वर्षं तो बनवता येत होता, कुणी विचारलंच नाही की बाबा तू काय करतोस.

बनवायला खरंच सोपा आहे. पायरोल जुनं असेल तर बाटलीत चहासारखं तपकिरी होतं, ते आधी डिस्टिल करून घ्यायचं म्हणजे पाण्यासारखं स्वच्छ मिळतं, मग ॲसिटोन, मग आम्ल अगदी थेंबथेंब, फ्लास्क हाताला गरम लागायला लागतो आणि बघता बघता पांढरा साका पडतो. चार पायरोल, मधे मधे ॲसिटोनचे सांधे, अशी चौकोनी माळ तयार होते. प्रत्येक पायरोलवर एक नायट्रोजन आणि त्याला एक हायड्रोजन. हा रेणू रिकामा असतो तेव्हा चार जण रुसल्यासारखे बसतात, एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली, परत वर, परत खाली. क्लोराइड आला की चौघेही एकाच बाजूला वळतात आणि चार हायड्रोजन त्याच्याकडे रोखतात, आणि माळेचा चक्क पेला होतो. कॅलिक्स म्हणजे पेलाच. पॉझिटिव्ह चार्ज कुठेच नाही बरं का, नुसते चार हायड्रोजन बॉन्ड, म्हणजे किंचित पॉझिटिव्ह हायड्रोजनची निगेटिव्हवर बसणारी हलकी पकड, पण चारही एकाच जागी एकाच दिशेने.

हे डोळ्यांनी दिसत नाही, एनएमआर मशीनवर दिसतं, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठल्या अवस्थेत आहेत ते चुंबकाच्या मदतीने दाखवणारं मशीन. बारीक काचेच्या नळीत आपला रेणू, त्यात क्लोराइडचं मीठ थोडं थोडं टाकत जायचं आणि दरवेळी ग्राफ काढायचा. त्या नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचा एक सुळका (पीक) असतो, सुरुवातीला ग्राफच्या पट्टीवर सातच्या आसपास उभा, आणि तुम्ही क्लोराइड टाकाल तसा तो डावीकडे सरकायला लागतो. पहिल्यांदा तो सरकलेला बघितला तेव्हा मी एकटीच रात्री साडेदहाला लॅबमध्ये हसत बसले होते. ही सरकण्याची रेघ कॉम्प्युटरला दिली की पकडीचा आकडा मिळतो.

फक्त माझा आकडा दरवेळी वेगळा यायचा. आज एक, उद्या दुसरंच काहीतरी. नळी बदलली, सॉल्व्हंट बदललं, सर म्हणाले गणित चुकतंय, गणित बरोबर होतं. जुलै महिना, पुण्यात आठ दिवस झड लागलेली, आणि एकदा मी बॅलन्सवर कागद ठेवून त्यावर टेट्राब्युटिलअमोनियम क्लोराइड टाकलं, आमचं वापरायचं मीठ ते, कारण साधं खायचं मीठ ऑरगॅनिक सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, आणि फोन आला म्हणून बाजूला झाले. परत येऊन बघते तर कागदावर दाण्यांच्या जागी ओलसर खळ आणि बॅलन्सवरचा आकडा आपोआप वाढतोय. हवेतलं पाणी ओढत होतं ते. म्हणजे मी इतके दिवस जे क्लोराइड मोजत होते त्यात क्लोराइड किती आणि पाणी किती याचा पत्ताच नव्हता! पुस्तकात वाचलेलं ते माहेर इथे कागदावर येऊन बसलं होतं. मग व्हॅक्यूममध्ये सुकवणं, डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणारा बंद डबा) ठेवणं, सकाळी सातला येऊन पटकन वजन करणं, असली सगळी सोवळ्याची नाटकं केली तेव्हा आकडे जाग्यावर आले.

सेसलरच्या त्या पहिल्या पेपरातले आकडे डायक्लोरोमिथेन या सॉल्व्हंटमधले असे होते: फ्लोराइडसाठी सतरा हजाराच्या आसपास, क्लोराइडसाठी 350, ब्रोमाइडसाठी 10. या आकड्याचा अर्थ सोपा आहे, एक भागिले तो आकडा केला की जे येतं तेवढा आयन मोकळा असला तर निम्मे पेले भरलेले असतात. मग माझ्यासारख्या विदर्भात आजोळ असलेल्या पोरीच्या डोक्यात पहिला विचार काय येणार? यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांच्या पाठी वाकलेल्या. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची आपल्याकडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. दीड मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे साधारण 0.08 मिलिमोल. आणि सतरा हजाराचा भागाकार केला तर येतो 0.06 मिलिमोल. कागदावर हिशोब फिट्ट! मी हे रफ वहीत मोठ्या चौकटीत लिहिलं होतं.

चौकट पुसावी लागली. एक तर तो आकडा डायक्लोरोमिथेनमधला, जिथे फ्लोराइडला धरून ठेवणारं कुणीच नाही. पाण्यात फ्लोराइडचं माहेर सगळ्यात तगडं, 465 वालं, तिथे हा साधा पेला पाण्यात विरघळतही नाही आणि विरघळला असता तरी त्याच्या चार हायड्रोजन बॉन्डना कुणी भीक घातली नसती. दुसरं म्हणजे गर्दी. त्याच पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे 7 मिलिमोल. एका फ्लोराइडमागे नव्वदेक क्लोराइड. फ्लोराइड दहापट जास्त आवडणारा रेणू आणलात तरी त्याचे बहुतेक पेले क्लोराइडनेच भरणार. गावातल्या पाण्यासाठी जे खरं वापरलं गेलं ते म्हणजे नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने बसवलेलं नालगोंडा तंत्र, तुरटी आणि चुना टाकायचा, गाळ बसला की त्यात फ्लोराइड बसतं. त्यात निवड-बिवड काही नाही, पण तुरटी वाण्याकडे मिळते.

मग पाण्यावर मात करायची कशी? मला दोन रस्ते दिसतात आणि दोन्हीची एकेक गोष्ट सांगते.

पहिला रस्ता म्हणजे आयनला पाण्यापासून पूर्ण तोडून अशा खोलीत बसवायचं जिथे सगळ्या बाजूंनी पकड असेल. अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीत अमर फ्लडच्या ग्रुपने 2019 मध्ये क्लोराइडसाठी असा पिंजरा दाखवला. यात नायट्रोजनवरचे हायड्रोजन नाहीत, कार्बनवरचे आहेत! पुस्तकं सांगतात कार्बनचा हायड्रोजन असल्या कामाचा नाही, म्हणजे वर्गातला मागच्या बाकावरचा. पण ट्रायझोल नावाच्या रिंगमध्ये तीन नायट्रोजन शेजारी असले की ते इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि त्या हायड्रोजनला बऱ्यापैकी पॉझिटिव्ह करून सोडतात. असे सहा ट्रायझोल कडक पिंजऱ्यात बरोबर क्लोराइडच्या मापाने बसवले, आणि पकडीचा आकडा आला एकावर सतरा शून्य, डायक्लोरोमिथेनमध्ये. आमच्या 350 शी तुलना करून बघा आणि गप्प बसा. यातलं मर्म बॉन्डच्या ताकदीपेक्षा कडकपणात आहे. पिंजरा आधीच योग्य आकारात उभा असतो, आमच्या पेल्यासारखं ऐनवेळी रुसवा काढून वळावं लागत नाही, वळायला जी ऊर्जा खर्च होते ती वाचते.

निसर्गाने हेच केव्हाच केलंय अर्थात. साल्मोनेला जंतूत सल्फेट पकडणारं एक प्रथिन आहे, त्याची रचना 1985 मध्ये बघितली तेव्हा लोक चक्रावले, कारण दोन निगेटिव्ह चार्जवाल्या सल्फेटसमोर एकही पॉझिटिव्ह चार्ज नव्हता. नुसते सात हायड्रोजन बॉन्ड, खोल कपारीत, पाण्याचा टिपूस नाही. आणि फॉस्फेटवालं भावंड त्याहून बेरकी: त्याच्या कपारीत मुद्दाम एक निगेटिव्ह गट ठेवलाय. निगेटिव्हला पकडायच्या जागी निगेटिव्ह! कारण फॉस्फेटकडे एक हायड्रोजन असतो तो त्या गटाशी हात मिळवतो, सल्फेटकडे नसतो, त्याला दारातूनच ढकललं जातं. आमच्या क्षेत्रात असलं काही बनवून दाखवणारा अजून जन्माला यायचाय असं मी म्हणणार नाही, पण अवघड आहे.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, तो म्हणजे पाण्याला हाकलायच्या ऐवजी पाण्यासकट घरी आणायचं. टेनेसीमधल्या ओक रिज नॅशनल लॅबमध्ये राडू कस्टेलशान आणि त्याचे सहकारी पाण्यातून सल्फेटसारखे आयन काढणाऱ्या ग्वानिडिन प्रकारच्या रेणूंवर काम करत होते. त्यातल्या एकाचं पाण्यातलं द्रावण उघडं राहिलं आणि त्यात आपोआप स्फटिक वाढायला लागले. तपासलं तर आत कार्बोनेट. कुणी टाकलं होतं? कुणीच नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरला, अल्कधर्मी द्रावणात त्याचं कार्बोनेट झालं आणि रेणूने ते धरून स्फटिकात बसवलं. 2017 चा पेपर आहे. त्या स्फटिकात कार्बोनेट एकटं नाही, एकेका कार्बोनेटबरोबर पाण्याचे चार रेणू आहेत, सगळे हायड्रोजन बॉन्डने गुंफलेले. माहेरची चार माणसं बरोबर आली की मुलगी रुळते तसं. स्फटिक पाण्यात विरघळत नाही, गाळून घ्यायचं, 80 ते 120 अंशांना तापवलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि रेणू परत वापरायला मोकळा. त्यामुळे आता हवेतून कार्बन काढणाऱ्यांचं लक्ष तिकडे गेलंय, जे काम करायला तो रेणू बनवलाच नव्हता.

औषधाच्या बाजूलाही हालचाल आहे. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये पेशीच्या भिंतीतला क्लोराइडचा दरवाजा बिघडलेला असतो, तर बाहेरून असा छोटा रेणू द्यायचा का जो क्लोराइडला कडेवर घेऊन भिंतीपलीकडे सोडेल, यावर लोक काम करतायत. तिथे आणखी एक वळण: पकड फार घट्ट असून चालत नाही, पलीकडे गेल्यावर सोडता पण आलं पाहिजे. एकावर सतरा शून्यवाला पिंजरा तिथे कुचकामी.

हे सगळं मी आत्याला सांगितलं नाही अर्थातच. तिला एवढंच सांगितलं की गोळी जेवणातलं फॉस्फेट धरते, त्यामुळे जेवण नसेल तेव्हा तिला धरायला काही नसतं. तिने ते बरोबर ध्यानात ठेवलं. एकादशीला फोन केला तर म्हणाली, आज उपास ना, म्हणून गोळी नाही घेतली. म्हटलं खाल्लंस काय? "काही नाही गं, दोन वाट्या खिचडी, दाण्याचं कूट जरा जास्तच पडलं होतं, आणि वर दाण्याची आमटी." शेंगदाण्यात फॉस्फरस किती असतं ते मी तिला सांगितलं, तर म्हणते, मग हे तेव्हाच नाही का सांगायचं.